पोटातली बॅटरी की बदलत्या पेट्या?

विजेवरची मालवाहू जहाजं घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, बॅटरी किती मोठी? मी म्हणेन, जहाज धक्क्याला किती वेळ उभं राहणार, ते आधी विचारा. त्यावरच ठरतं, बॅटरी जहाजाच्या पोटात कायमची बसवून तिथेच चार्ज करायची, की भरलेल्या बॅटरीच्या पेट्या बंदरात बदलत जायचं.

नॉर्वेचं 'यारा बिर्कलंड' 120 कंटेनरांचं. सुमारे 7 हजार युनिट वीज साठवणारी बॅटरी त्याच्या पोटातच आहे. 2022 पासून ते हेरोयाच्या खतकारखान्यातून ब्रेविक बंदरात माल नेतं, अंतर जेमतेम 7 सागरी मैल. अशा ठरलेल्या, छोट्या फेरीला पोटातली बॅटरीच बरी. जादा पेट्या घेऊन ठेवायला नकोत. ताफा वाढला की मात्र चार्जरपाशी रांग लागते आणि सगळं वेळापत्रक चार्जरभोवती आखावं लागतं.

यांगत्से नदीवर 2024 पासून शांघाय-नानजिंग धावणारं 'ग्रीन वॉटर 01' वेगळ्या वाटेनं गेलं. 700 कंटेनरांची क्षमता, 50 हजारांहून जास्त युनिटं, तीही कंटेनरएवढ्या पेट्यांत. संपलेली पेटी क्रेननं उतरवायची, भरलेली चढवायची. नेदरलँड्समध्ये 'आल्फेनार' 2021 पासून अशाच पेट्यांवर हायनेकेनची बिअर नेतं. तिथे पेटी भाड्यानं मिळते, वापराल तेवढ्याचेच पैसे. हाताशी भांडवल कमी असेल तर हा मोठाच आधार. पण पेट्या मालाची जागा खातात, आणि कुठल्या बंदरात किती भरलेल्या हव्यात याचा हिशेब सांभाळावा लागतो.

तो हिशेब प्रवाह ठरवतो. जहाज पाण्यात 8 नॉटनं (म्हणजे तासाला 8 सागरी मैल) चाललंय आणि प्रवाह 2 नॉटचा आहे, असं धरा. 30 सागरी मैलांना प्रवाहाबरोबर 3 तास लागतील, उलट जाताना 5. मोटर तासाला तेवढीच वीज ओढते, म्हणजे वर जाताना दीडपटीहून जास्त खर्च. भरलेल्या पेट्यांचा साठा खालच्या बंदरात जास्त ठेवायचा तो यासाठी.

वेगाचंही तसंच. 12 नॉटऐवजी 10 नॉटनं गेलात तर तेवढ्याच अंतराला साधारण 30 टक्के वीज वाचते. पण पोटात बॅटरी असेल तर हळू चालण्यात गेलेला वेळ चार्जिंगमधून कापला जातो. पेट्यांच्या जहाजाला ही ओढाताण नाही.

आपल्याकडे गोव्यातल्या मांडवी-झुवारी नद्यांतल्या खनिजाच्या बार्जसाठी विचाराल, तर मी पोटातलीच बॅटरी घेईन. खनिजाच्या जेटीवर कंटेनर उचलणारी क्रेन कुठून आणायची? शिवाय तिथे भरती-ओहोटीमुळे प्रवाह दर सहा तासांनी साधारण उलटतो. अनुकूल पाण्याची वाट बघत बार्ज जेटीला थांबलेलाच असेल, तर त्या वेळात चार्जिंग होऊन जाईल.