सोन्याची साखर आणि हिरव्या झाकणाचा डबा

गेल्या डिसेंबरात निफाडकडे पारा रोज खाली जात होता, इंदिरानगरच्या आमच्या घरात सकाळी फरशीवर पाय ठेववत नव्हता, आणि सोन्या मात्र पाण्याची वाटी रिकामी करून पुन्हा वाटीपाशी जाऊन बसत होता. सोन्या आमचा बोका. नऊ वर्षांचा, नसबंदी झालेला, अंगाने भरलेला. एवढ्या थंडीत मांजर इतकं पाणी पितंय हे तेव्हाच खटकायला हवं होतं. मला खटकलं ते मुंग्यांमुळे. त्याच्या वाळूच्या ट्रेभोवती लागोपाठ दोन दिवस मुंग्यांची रांग दिसली. ह्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, त्यामुळे लघवीला मुंग्या लागल्या की काय समजायचं, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. दिवाळीपासून त्याची भूक वाढली होती, तरी पाठीचा कणा हाताला लागत होता. साडेसहा किलोचा बोका सव्वापाचवर आला होता. चालही बदलली होती. मागचे पाय बोटांवर न टेकवता टाचेपर्यंत सपाट टेकवून चालायचा. ओट्यावर उडी मारणं त्याने सोडलं होतं. वय झालं, असं मी धरून चालले होते. मधुमेहात मांजरांच्या मागच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात आणि म्हणून ती अशी चालतात, हे दवाखान्यात गेल्यावर कळलं.

आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर 380 निघाली. तेवढ्यावर त्यांनी मधुमेह म्हटलं नाही. मांजर दवाखान्यात घाबरलं तर नुसत्या भीतीनेही त्याची साखर तीनशेच्या वर जाऊ शकते, असं ते म्हणाले. म्हणून लघवी तपासली आणि फ्रुक्टोसामाइन नावाची चाचणी करायला रक्त पाठवलं. त्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी साखर कळते, एका घाबरलेल्या क्षणाने ती बदलत नाही. खाज येते म्हणून त्याला पूर्वी कुठे स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं का, हेही विचारलं. चाचणी आली आणि निदान पक्कं झालं. ही भीतीने चढणारी साखर लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

उपचार म्हणजे ग्लार्जिन इन्सुलिन, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, एकेक युनिट. दूध-चपाती पूर्ण बंद. मांजर मांसाहारी प्राणी, त्याला कमी पिष्टाचं, ओलं, मांसाचं खाणं हवं. घरात ह्यांच्या सिरिंज होत्या, त्या मी वापरणार होते. डॉक्टरांनी हातच धरला. लाल टोपणाची सिरिंज 40च्या, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेल्या इन्सुलिनची, नारिंगी टोपणाची 100ची. ग्लार्जिन 100चं असतं. लाल सिरिंजने एक युनिट म्हणून भरलं, तर प्रत्यक्षात अडीच युनिट जातं, आणि एवढ्या जिवाला ते प्राणावर बेतू शकतं. साखर फार उतरली तर मांजर डोलतं, गळून पडतं, झटके येतात. तेव्हा हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळायचं आणि तडक दवाखाना गाठायचा.

तीन आठवड्यांत पाणी निम्म्यावर आलं. सगळं ठीक चाललं होतं. तरी मी फसले.

सुई टोचायची माझी भीती काही जात नव्हती. खांद्यावरची सैल कातडी चिमटीत धरून टोचलं तर सोन्या खाणंसुद्धा थांबवत नसे, पण माझा हात रोज थरथरायचा. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी तसं लिहिलं. संक्रांतीच्या आठवड्यात एका माणसाचा फोन आला. प्राण्यांच्या आयुर्वेदातला डॉक्टर, अशी ओळख करून दिली. आवाज इतका आपुलकीचा की मी खुर्ची ओढून बसले. त्याचं पहिलं वाक्य मला शब्दन्‌शब्द आठवतं: "ताई, मुक्या जिवाला दिवसातून दोनदा टोचायचं, तुमच्या मनाला पटतं का?"

पटत नव्हतंच. ते त्याने आधीच ओळखलं होतं.

कारलं, जांभळाच्या बिया, गुडमार यांची पूड, तीन महिन्यांचा कोर्स, साखर मुळापासून बरी. किंमत 11,700, आज पैसे पाठवले तर 9,800. बऱ्या झालेल्या मांजरांचे फोटो आले, त्यांच्या मालकांचे आवाजी निरोप आले. ह्यांनी हटकलं, "माझी साखर बारा वर्षांत मुळापासून गेली नाही, त्याची कशी जाईल?" मी ऐकलं नाही. कारलं-जांभूळ तर आपल्या घरातलंच, त्याने काय बिघडणार, असं वाटलं. पैसे यूपीआयने गेले, तिसऱ्या दिवशी कुरिअरने हिरव्या झाकणाचा डबा आला. सोबत एकच अट होती: इन्सुलिन आजपासून बंद, नाहीतर औषध लागू पडणार नाही.

पुढचे सहा दिवस मी मिनिटामिनिटाने लिहू शकते. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा वाढलं. फोन केला. "छान, शरीरातली साखर बाहेर पडतेय." चौथ्या दिवशी तो गळून गेल्यासारखा कपाटाखाली जाऊन बसला. "विश्रांती घेतोय, औषध काम करतंय." पाचव्या दिवशी उलट्या झाल्या. "पोट साफ होतंय, मात्रा दुप्पट करा." त्याच्याकडे प्रत्येक बिघाडाला चांगलं नाव होतं. मी डोळ्यांनी पाहत होते ते खोटं आणि तो फोनवर सांगत होता ते खरं, असं मी सहा दिवस मानलं. सहाव्या दिवशी सोन्याने चिकनकडेही तोंड फिरवलं. त्याला जवळ घेतलं तर तोंडाला वास येत होता, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा.

रात्री अकरा वाजता, थंडीत, टोपली मांडीवर घेऊन आम्ही रिक्षाने मुंबई नाका ओलांडला. मी पूर्ण वेळ त्याच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजत होते. लघवीत कीटोन निघाले. इन्सुलिन नसलं की पेशींना साखर वापरता येत नाही, शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन साचतात आणि रक्त आम्ल होत जातं. हे मला त्या रात्री दीड वाजता समजावून सांगितलं गेलं. चार दिवस सलाइन, पोटॅशियम, दर काही तासांनी इन्सुलिन आणि रक्ताची तपासणी. बिल 23,000 झालं. सोन्या वाचला. डॉक्टर मला एक शब्दही रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त रडू आलं.

मी सावरल्यावर त्यांना एकच विचारलं. ते आवाजी निरोप खोटे होते का? ते म्हणाले, खरेही असू शकतील. निदान लवकर होऊन इन्सुलिन आणि आहार नीट सांभाळला, तर काही मांजरांची साखर आटोक्यात येऊन इन्सुलिनची गरज काही काळ संपते, पुढे ती परतही येऊ शकते. आणि काहींना मधुमेह नसतोच, दवाखान्यातल्या भीतीने एकदा साखर चढलेली असते. अशा मांजराला पूड द्या नाहीतर राख द्या, पुढच्या वेळी साखर ठीकच निघणार. मालकाला वाटतं, पुडीने बरं झालं. तो मनापासून साक्ष देतो, आणि ती साक्ष ऐकून माझ्यासारखी बाई खऱ्या मधुमेहाच्या मांजराचं इन्सुलिन बंद करते. या धंद्याचं हे तंत्र मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी तो फोन ठेवून दिला असता.

डबा त्यांनी फिरवून पाहिला. उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, तारीख नाही. आयुर्वेदिक औषधालाही हे सगळं छापावं लागतं. त्या माणसाला मी नोंदणी क्रमांक विचारला, तर म्हणाला, आयुर्वेदाला नोंदणी लागत नाही. प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरची पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असते, आपल्याकडे महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे. क्रमांक विचारायला लाजू नका, खरा डॉक्टर सांगतो. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणं 1954 च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या कायद्यातल्या औषधाच्या व्याख्येत प्राण्यांची औषधंही येतात. पैसे परत मागितले तेव्हा तो म्हणाला, तुम्ही चोरून इन्सुलिन दिलं असणार. मग नंबर बंद.

1930 वर सायबर फसवणुकीची तक्रार केली, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही, आणि अन्न व औषध प्रशासनाला लेखी अर्ज दिला. पैसे आलेले नाहीत. 1930 वर फोन पैसे गेल्या-गेल्या करायचा असतो, तेव्हा ते खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी नऊ दिवसांनी केला.

सोन्याचं इन्सुलिन आता दीड युनिटवर आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनांत मी रोजचं पाणी आणि आठवड्याचं वजन लिहिते. पाय हळूहळू सुधारताहेत, गेल्या रविवारी तो खुर्चीवरून ओट्यापर्यंत चढला. नाशिकमध्ये आणखी कुणाकडे पांढऱ्या लेबलचा, हिरव्या झाकणाचा असा डबा आला असेल, तर आधी मांजराला डॉक्टरांकडे न्या, इन्सुलिन स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नका. आणि तो डबा फेकू नका. कुरिअरची पिशवी, पैसे पाठवल्याची नोंद आणि ते आवाजी निरोप जपून ठेवा. माझ्या अर्जाला एकाच डब्याचा पुरावा जोडलेला आहे.