७०-३०० ची लेन्स, नऊ महिने आणि शेतातल्या रांगा

गेल्या जुलैत ७०-३०० मिमीची झूम लेन्स घेतली (लांबचं जवळ ओढणारी), सेकंडहॅन्ड. आता एप्रिल चालू आहे म्हणजे नऊ महिने झाले. घेताना ठरवलं होतं की दोन-चार महिने नीट वापरल्याशिवाय काही लिहायचं नाही, कारण पहिल्या आठवड्यात सगळंच भारी वाटतं. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, बॉडी, म्हणजे कॅमेरा, माझी साधी क्रॉप सेन्सरची (लहान सेन्सरवाली) आहे आणि मी जे सांगणार आहे ते या रेंजच्या बहुतेक स्वस्त लेन्सना लागू पडेल.

घेतली कशासाठी ते आधी सांगते. माझं आजोळ दिंडोरी तालुक्यात, मामांची द्राक्षबाग आहे. लहानपणापासून त्या रांगा बघत आले आणि कॅमेरा आल्यापासून एकच गोष्ट काढावीशी वाटते, शेतातलं रिपीट होणारं डिझाइन. बागेचे खांब आणि तारा, कांद्याचे वाफे, इगतपुरीकडची भाताची खाचरं, नांगरट झाल्यावरच्या सऱ्या. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या किट लेन्सने काढायचे तेव्हा दरवेळी तेच व्हायचं, पुढची एक रांग मोठ्ठी आणि मागच्या सगळ्या बारीक होत कुठेतरी हरवलेल्या. ड्रोन घे असं खूप जणांनी सांगितलं पण नाशिकच्या आजूबाजूला ओझरचं विमानतळ, देवळालीचा लष्करी भाग, परवानगीचा नकाशा उघडला की बरीचशी जागा लाल नाहीतर पिवळी दिसते, आणि खरं सांगायचं तर मला वरून सरळ खाली बघायचंच नव्हतं. टेकडीवर उभं राहून दिसतं तसं हवं होतं.

आता लांबच्या लेन्सने रांगा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात ते लेन्समुळे होत नाही, आपण लांब उभे असतो म्हणून होतं. हे मला हिशोब मांडल्यावरच कळलं. मामांच्या बागेत दोन ओळींत नऊ फूट अंतर आहे, म्हणजे पावणेतीन मीटर धरा. मी बांधावर पहिल्या ओळीपासून पाच मीटरवर उभी राहिले तर दहावी ओळ तीस मीटरवर येते, म्हणजे सहापट लांब, म्हणून ती सहापट लहान दिसते. तेच मी सहाशे मीटरवरच्या टेकडीवरून बघितलं तर पहिली ओळ ६०० वर आणि दहावी ६२५ वर, फरक चार टक्क्यांचा. सगळ्या ओळी सारख्याच दिसणार! लेन्स फक्त तेवढा तुकडा ओढून जवळ आणते. हे डोक्यात बसल्यावर माझी अर्धी धावपळ कमी झाली, कारण आता मी आधी उभं राहायची जागा शोधते, झूम नंतर.

जागा सापडायला वेळ गेला. रामशेजवर चढलात की खाली आशेवाडीच्या बाजूची शेतं छान दिसतात, चढ फार नाही, सकाळी सातच्या आत वर पोचता येतं. पावसाळ्यात भातासाठी कावनई. किल्ला लहान आहे पण वरून खाचरांचे बांध असे दिसतात की कुणीतरी हाताने रेघा ओढल्यात, एकही सरळ नाही आणि तरी सगळ्या एकमेकींना धरून. जुलैच्या शेवटी आवणी (भातलावणी) चालू असताना गेले होते, अर्ध्या खाचरांत नुसतं चिखलाचं पाणी चमकत होतं आणि अर्ध्यांत पोपटी रोप लागलेलं. तो माझा या नऊ महिन्यांतला सगळ्यात आवडता दिवस.

आणि त्याच दिवशी लेन्सचा पहिला मोठा प्रॉब्लेम पण कळला. हिला वेदर सीलिंग नाही, म्हणजे पाणी-दमटपणा आत शिरू शकतो. पाऊस थांबला होता म्हणून काढली पण हवेत एवढा दमटपणा की घरी आल्यावर आतल्या काचेवर धुकं धरलेलं दिसलं. दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवली तेव्हा गेलं. तेव्हापासून ती त्याच डब्यात राहते, पावसाळ्यात बॅगेत विसरायची नाही, बुरशी एकदा धरली की काच साफ करायचा खर्च लेन्सच्या किमतीच्या जवळ जातो. दुसरं म्हणजे गळ्यात लटकवून चढताना झूम आपोआप खाली घसरतं, नळी पूर्ण बाहेर येते, त्यावर मी रुंद रबर बँड लावलाय आणि तो व्यवस्थित काम करतो. तिसरा त्रास पोलरायझर (चमक कापणारा, फिरवून लावायचा फिल्टर) वापरणाऱ्यांसाठी, फोकस करताना पुढची काच फिरते त्यामुळे फिल्टर सेट केला की फोकसने तो बिघडतो. आधी फोकस, मग मॅन्युअलवर टाकायचं, मग फिल्टर फिरवायचा. पोलरायझर मात्र घ्याच, भाताच्या आणि उसाच्या पानावरची पांढरी चमक गेली की खालचा हिरवा असा काही उठून येतो, दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) तेवढा सोसायचा.

शार्पनेसबद्दल, २०० पर्यंत चांगली, ३०० ला कडेला मऊ. एफ ८ ते एफ ११ मध्येच वापरते (हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या भोकाचा आकडा, आकडा मोठा तितकं भोक लहान). सुरुवातीला सगळं फोकसमध्ये पाहिजे म्हणून एफ २२ लावायचे तर उलट सगळंच मऊ यायचं, डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो. ३०० ला एफ ११ वर जवळपास चारशे मीटरवर फोकस केला तर दोनशेपासून पुढे सगळं चालण्यासारखं येतं, म्हणजे टेकडीवरून काढताना अडचणच नाही. हातात धरून काढायचं तर शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नको, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असलं तरी, कारण वाऱ्याने पानं हलतात त्याला स्टॅबिलायझेशन काय करणार.

पण ज्या गोष्टीबद्दल मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं ती म्हणजे गरम हवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी नऊनंतर जमीन तापली की लांबचे खांब पाण्यात बघितल्यासारखे थरथरतात. मी दोन आठवडे लेन्सच खराब आहे असं समजून चालले, परत द्यायच्या विचारात होते. लेन्स ठीक आहे, मधली हवा ठीक नाही, याला अ‍ॅपर्चर-ट्रायपॉड कशाचाच उपाय नाही, फक्त लवकर उठायचं. डिसेंबरात उलटं, निफाडकडे धुकं आठ-नऊपर्यंत हटत नाही, पण धुकं अर्धं विरलेलं असतं त्या दहा मिनिटांत ओळी एकेक करून वर येतात आणि प्रत्येक मागची ओळ जरा जास्त फिकी, ते बघायला थंडीत उभं राहणं मला मंजूर आहे. शेडनेट किंवा बागेवरची जाळी काढणार असाल तर एक लक्षात ठेवा, जाळीची वीण आणि सेन्सरची वीण एकमेकींत अडकून लाटालाटांचे रंगीत पट्टे येतात, ते नंतर काढायला फार कठीण. थोडं मागे-पुढे होऊन किंवा झूम बदलून परत काढायचा.

आता फीडबॅकबद्दल, कारण लेन्सपेक्षा जास्त मी त्यावर शिकले.

पहिले दोन महिने फोटो ग्रुपवर टाकायचे, उत्तरं म्हणजे मस्त, वॉव, अंगठा. बरं वाटायचं पण पुढचा फोटो कसा काढू ते काही कळायचं नाही. मग मी प्रश्न बदलला. कसा आहे असं विचारायचं सोडलं आणि सगळ्यात आधी डोळा कुठे गेला एवढंच विचारायला लागले. लोक पटकन सांगतात, डावीकडच्या पांढऱ्या पाइपवर गेला, कोपऱ्यातल्या आभाळावर गेला, आणि एकदम लक्षात येतं की मी जे दाखवत होते ते कुणी बघतच नाहीये. आभाळाचा तुकडा तर मी त्यानंतर जवळपास सगळ्या फोटोंतून काढून टाकला, क्षितिज दिसलं की डोळा तिकडे पळतो आणि ओळी नुसत्या सतरंजीसारख्या खाली पडून राहतात.

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर रिटायर होऊन जवळच राहतात, त्यांच्याकडे दिवाळीनंतर गेले. त्यांनी मोबाईलवर बघायला नकार दिला, म्हणाले पोस्टकार्ड साइजचे प्रिंट आण. वीस प्रिंट नेले. त्यांनी टेबलावर पसरले आणि सगळे उलटे फिरवले, डोकं खाली पाय वर, आणि मला विचारलं आता यातले किती उभे राहतात सांग. चार. बाकीच्यांत फक्त विषय होता, रचना नव्हती. मग एक कोरा कागद घेऊन एकेका फोटोची बाजू झाकत गेले, इथवर कापला तर काही कमी होतं का, नाही ना, मग तो भाग कशाला ठेवलास. आणि शेवटी जे म्हणाले ते मी वहीत लिहून ठेवलंय, "अगं, सगळं सारखं असलं की डोळा फिरतो पण बसत नाही, त्याला बसायला एक पाट दे." इटलीतले मारिओ जाकोमेल्ली म्हणून फोटोग्राफर होऊन गेले (१९२५ ते २०००, सेनिगालिया गावचे, व्यवसायाने छपाईवाले), त्यांचे नांगरलेल्या शेतांचे काळेपांढरे फोटो सरांनी दाखवले. ते कधी कधी शेतकऱ्याला सांगून ट्रॅक्टरने हव्या तशा रेघा पाडून घ्यायचे. फोटो जबरदस्त आहेत, पण मला ते करावंसं वाटत नाही, शेतात जी रेघ आहे ती कुणाच्या तरी कामासाठी आहे आणि मला तीच हवी.

पाट म्हणजे काय ते मला मामांनी दाखवलं. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग एकदम उघडी होते, नुसत्या काड्या, खांब, तारा आणि त्यांच्या सावल्या, वर्षातलं सगळ्यात स्वच्छ डिझाइन तेव्हाच मिळतं. नंतर नोव्हेंबरात पानं भरल्यावर त्याच टेकडीवरून काढला आणि मोठा प्रिंट करून मामांना नेऊन दिला. मला वाटलं खूश होतील. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग बोट ठेवून म्हणाले, "ही ओळ बघ, इथून पुढं फिकी पडलीय, ड्रिपर चोकअप झालेत तिथं." मी तो फिकेपणा एडिटिंगमध्ये झाकायचा प्रयत्न केला होता! संध्याकाळी मामेभाऊ लॅटरल (ठिबकची ओळीतली नळी) उघडून बघून आला, खरंच क्षाराने तोंडं बंद झालेली, पाणीच पोचत नव्हतं. तो फोटो मी नंतर न झाकता परत प्रिंट केला आणि सरांकडे नेला, त्यांनी बोट त्याच ओळीवर ठेवलं, फक्त कारण वेगळं सांगितलं.

तसंच कांद्याचं. मार्चमध्ये लासलगावच्या बाजूला उन्हाळ कांदा काढून शेतात सुकायला पसरलेला, एका ओळीच्या पातीने मागच्या ओळीचा कांदा झाकलेला, लांबून अगदी कौलांसारखं दिसतं. मी तिथल्या मावशींना कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दाखवलं आणि म्हटलं किती सुंदर रचलंय. त्या म्हणाल्या, "सुंदर कशाचं बाई, ऊन लागलं की कांदा भाजतो, म्हणून पात वर घ्यायची." आणि मग स्क्रीनकडे परत बघून म्हणाल्या की ही मधली ओळ माझी नाही, माझी पात एकसारखी पडते. झूम करून बघितलं तर होय, दोन हात वेगळे दिसतात. हे मला कुठल्याच फोटोग्राफरने सांगितलं नसतं. परत गेले तेव्हा त्यांच्या ओळीचा प्रिंट देऊन आले.

फोटोग्राफी क्लबच्या मीटिंगमध्ये मात्र एक मत सारखं येतं की यात एखादी लाल साडीतली बाई हवी. मला ते पटत नाही. आवणीच्या फोटोत बायका आहेत कारण ती आवणी त्याच करत होत्या, वाकून मागे सरकत सरकत, पण रंगाचा ठिपका पाहिजे म्हणून कुणाला रांगेत उभं करायचं नाही असं मी ठरवलंय. बागेत शिरण्याआधी विचारायचं, फवारणी चालू असेल तर बाहेरच थांबायचं, वाफ्याच्या बांधावरून चालायचं, वाफ्यात पाय टाकायचा नाही, हे लेन्सच्या रिव्ह्यूत लिहायला हवं की नको माहीत नाही पण लिहिते.

घ्यावी का? टेकडी, किल्ला, कालव्याचा भराव असं काही उंच जवळपास असेल तर नक्की घ्या आणि सेकंडहॅन्डच घ्या, घेताना काचेवर टॉर्च मारून बुरशी तपासा आणि झूम घसरतं का ते उलटी धरून बघा. सपाट मुलखात राहत असाल आणि कुठे चढायची सोय नसेल तर आधी भाड्याने आणून बघा, बांधावरून हिचा निम्मा उपयोगही होत नाही. पैसे उरले तर दुसऱ्या लेन्सवर न घालता प्रिंटवर घाला.

मामांनी आता दर महिन्याला त्याच जागेवरून एक फोटो मागितलाय, कुठली ओळ मागे पडतेय ते बघायला. परवा खरड छाटणी (द्राक्षाची एप्रिलमधली छाटणी) सुरू होतेय. टेकडीवर ट्रायपॉड जिथे लावते तिथे तीन दगड रचून ठेवलेत, सहाला पोचायचंय.