विजेची, सीएनजी की पेट्रोल? आधी पार्किंग बघा

घरची पहिली किंवा एकमेव गाडी घेताना "इलेक्ट्रिक घ्यावी का?" हा प्रश्न बहुतेक जण शोरूममध्ये विचारतात. त्याचं निम्मं उत्तर मात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये असतं. रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे स्वतःच्या मीटरची वीज पोहोचते का? पोहोचत असेल तर पुढचा हिशेब वाचण्यात अर्थ आहे. नसेल, तर सीएनजी आणि पेट्रोल यांतूनच निवडा. बाहेरच्या चार्जरवर कुटुंबाची एकमेव गाडी चालवणं जमतं, पण सीएनजीच्या तुलनेत त्यात फारसा पैसा वाचत नाही आणि वेळ जातो.

तुलनेसाठी टाटा नेक्सॉन सोयीची पडते, कारण एकाच बांध्यात ती पेट्रोल, सीएनजी आणि इलेक्ट्रिक अशी तिन्ही मिळते. बाकी कंपन्यांच्या गाड्यांचे आकडे थोडे हलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

प्रतिकिलोमीटर खर्च

बॅटरीचा आकडा किलोवॉट-अवरमध्ये सांगतात. एक किलोवॉट-अवर म्हणजे वीजबिलावरचं एक युनिट. 45 ची बॅटरी म्हणजे 45 युनिट. पण भिंतीतून गाडीत जाताना दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून रिकामी बॅटरी पूर्ण भरायला मीटरवर 50-52 युनिट पडतात. शहर आणि हायवे मिळून, एसी चालू ठेवून, मीटरच्या एका युनिटमागे 6 किमी धरावेत. गाडीच्या पडद्यावर सात-साडेसात दिसेल, पण बिल पडद्यावरून येत नाही.

पेट्रोल लिटरला 104 रुपये, सीएनजी किलोला 90, घरची वीज युनिटला 12 आणि बाहेरचा डीसी (जलद) चार्जर करासह 22 रुपये धरले, तर असं दिसतं:

| | प्रत्यक्ष पल्ला | किमीला खर्च |
|---|---|---|
| पेट्रोल | लिटरला 14 किमी | ₹7.40 |
| सीएनजी | किलोला 20 किमी | ₹4.50 |
| वीज, घरी | युनिटला 6 किमी | ₹2.00 |
| वीज, बाहेर | युनिटला 6.3 किमी | ₹3.50 |

तुमच्या गावचे दर घालून ही चार गणितं पुन्हा करा. विजेच्या दरात एक मेख आहे. महावितरणचे घरगुती दर स्लॅबचे आहेत: 100 पर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. महिन्याला 1,000 किमी चालवलंत तर साधारण 167 युनिट वाढतात. घरचा वापर 220 असेल तर एकूण 387 होतात, म्हणजे गाडीची 80 युनिट मधल्या स्लॅबमध्ये आणि 87 त्यावरच्या महाग स्लॅबमध्ये पडतात. म्हणून बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट असा सरासरी दर काढून गाडीला लावू नका. त्यात पहिली स्वस्त 100 युनिट मिसळलेली असतात, पण गाडीची युनिट नेहमी वरून चढतात. घरी दोन एसी चालत असतील तर युनिटला 16 रुपये धरूनच हिशेब करा. मग किमीला 2.70 पडतात.

यावर दोन उपाय आहेत. चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन घेतलं की घरगुती स्लॅबचा फास सुटतो. फक्त त्याचा स्थिर आकार महिन्याच्या हिशेबात धरायला विसरू नका. दुसरा उपाय छतावरचं सोलर. तीन किलोवॉटचा संच दिवसाला 10 ते 12 युनिट देतो आणि पीएम सूर्यघर योजनेत त्याला 78,000 रुपये अनुदान आहे. स्वतंत्र बंगला असेल तर गाडीआधी सोलरची चौकशी करा.

किमतीतला फरक किती किलोमीटरमध्ये फिटतो

इलेक्ट्रिकला जीएसटी 5 टक्के आहे. पूर्वी छोट्या पेट्रोल गाड्यांना 28 टक्के अधिक सेस होता. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांना 18 टक्के लागतो. म्हणजे त्याआधीच्या तुलना वाचून निर्णय घेत असाल तर त्या कालबाह्य आहेत, दरी तेव्हापेक्षा वाढली आहे.

ती दरी महाराष्ट्रात आरटीओच्या खिडकीवर थोडी बुजते. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के मोटार वाहन कर आहे, सीएनजीला 9 आणि इलेक्ट्रिकला शून्य. उदाहरणार्थ पेट्रोल 11 लाख, सीएनजी 10.5 लाख आणि 45 युनिटची इलेक्ट्रिक 14 लाख एक्स-शोरूम धरू. पेट्रोलला कर 1.32 लाख, सीएनजीला सुमारे 95 हजार. इलेक्ट्रिकचा विमा 25 हजारांनी जास्त धरला तर ऑन-रोड फरक पेट्रोलशी सुमारे 1.95 लाख आणि सीएनजीशी सुमारे 2.8 लाख उरतो.

विम्यात बरेच जण फसतात. थर्ड पार्टी हप्त्यात इलेक्ट्रिकला 15 टक्के सवलत आहे खरी, पण तो हप्ता मोटरच्या ताकदीवर ठरतो. 65 किलोवॉटच्या वर वर्षाला 6,712 रुपये, आणि आजच्या बहुतेक फॅमिली इलेक्ट्रिक गाड्या त्याच गटात आहेत. 1000 ते 1500 सीसीच्या पेट्रोल गाडीला 3,416. सवलत मिळूनही रक्कम जवळपास दुप्पट.

आता भागाकार. घरी 12 रुपयांनी चार्ज केलं तर पेट्रोलच्या तुलनेत किमीला 5.40 वाचतात, 1.95 लाख सुमारे 36,000 किमीमध्ये फिटतात. महिन्याला हजार किमी असतील तर तीन वर्षं. सीएनजीच्या तुलनेत मात्र फक्त 2.50 वाचतात आणि 2.8 लाख फिटायला 1.12 लाख किमी लागतात, म्हणजे त्याच वापराला नऊ वर्षांच्या वर. बाहेरच्या चार्जरवरच राहिलात तर किमीला एकच रुपया वाचतो, तेव्हा सीएनजीशी हा हिशेब जुळतच नाही. शोरूममध्ये तुलना नेहमी पेट्रोलशी करून दाखवतात, त्याचं कारण हेच.

तरीही सीएनजी सोडून इलेक्ट्रिक घेण्याची कारणं आहेत: घाटात आणि वाहतूक कोंडीत चालवण्याचा आराम, पंपावरची रांग नाही आणि ऑगस्ट 2025 पासूनची टोलमाफी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू यांवर इलेक्ट्रिक चारचाकींना टोल माफ आहे. द्रुतगती मार्गाचा टोल एका बाजूला 320 रुपये. महिन्यात दोनदा जाऊन-येऊन करणाऱ्याचे वर्षाला 15,360 वाचतात, आणि सीएनजीशी जुळणी सुमारे तीन वर्षांनी अलीकडे येते. माफी असूनही फास्टॅगमधून पैसे कापले गेल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. टॅग घेताना गाडीची नोंद इलेक्ट्रिक म्हणूनच झाली आहे ना, हे तपासा आणि सुरुवातीचे मेसेज जपून ठेवा.

इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजाची आयकरातली सूट (कलम 80ईईबी) अजून कुणी सांगत असेल तर ती विसरा. 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच ती होती.

बॅटरी भाड्याने

एमजी विंडसर सप्टेंबर 2024 मध्ये 9.99 लाखांना आली, बॅटरीचे किमीला साडेतीन रुपये वेगळे. आकडा आकर्षक आहे, पण साडेतीन अधिक विजेचे दोन म्हणजे साडेपाच. सीएनजीपेक्षा एक रुपया जास्त! हे भाडं म्हणजे खरं तर बॅटरीचं कर्ज आहे. करारात दोन ओळी शोधा: महिन्याची किमान किलोमीटरची अट आणि गाडी विकताना उरलेल्या रकमेचं काय होतं. अट 1,500 किमीची असेल आणि गाडी 800 चालत असेल, तर तुमचं भाडं किमीला साडेसहाच्या वर गेलं.

पल्ला: कागदावरचा आणि घाटातला

नेक्सॉनच्या 45 युनिट बॅटरीचा प्रमाणित पल्ला 489 किमी, आणि कंपनीच स्वतः प्रत्यक्षातला 350 ते 375 च्या आसपास सांगते. हायवेला शंभरच्या वेगाने, चार माणसं आणि एसी असेल तर 270 ते 300 धरा. त्यातही पहिला टप्पाच 100 ते 10 टक्क्यांचा असतो. वाटेतल्या डीसी चार्जरवर 80 टक्क्यांच्या पुढे वेग एकदम मंदावतो, त्यामुळे दुसरा टप्पा 80 ते 10, म्हणजे साधारण 200 किमीचा. पुणे-कोल्हापूर न थांबता होतं. पुणे-नागपूर समृद्धीने गेलात तरी दोन-तीन थांबे लागतात, आणि प्रत्येक थांब्याला चाळीस मिनिटं ते तास.

घाटाची भीती मात्र फुगवलेली आहे. खोपोली ते खंडाळा साधारण साडेपाचशे मीटरचा चढ आहे. भरलेली गाडी 1,850 किलोची धरली तर तेवढी उंची चढायला तीन-सव्वातीन युनिट लागतात, म्हणजे 45 च्या बॅटरीतले सात टक्के. उतरताना त्यातला मोठा भाग परत येतो. अडचण उलटीकडून येते: महाबळेश्वरच्या हॉटेलात 100 टक्के चार्ज करून पसरणी घाट उतरायला लागलात की बॅटरीत जागाच नसते, रीजन (उतारावर वेग रोखताना बॅटरीत वीज परत भरण्याची सोय) बंद पडतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वर मुक्काम असेल तर 85 वर थांबवा.

खरी परीक्षा गणपतीला कोकणात जाताना. चार्जर असतो, पण पुढे तीन गाड्या उभ्या असतात आणि प्रत्येकीला पाऊण तास. अशा प्रवासाला निघताना बॅटरी 30 टक्क्यांवर आली की थांबायचं, 10 ची वाट बघायची नाही. दोन-तीन कंपन्यांची ॲप आधीच घेऊन त्यांत पैसे भरून ठेवा.

पार्किंगमधलं काम

गाडीबरोबर येणारी 15 अँपिअरची केबल सुमारे तीन किलोवॉट ओढते, 45 ची बॅटरी 10 वरून 100 ला न्यायला 14-16 तास. रोज 40 किमी चालणाऱ्याला तीन तास पुरतात, त्यामुळे 7.2 किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर प्रत्येकाला लागतोच असं नाही. तो घ्यायचाच तर सिंगल फेजवर 31-32 अँपिअर सलग ओढले जातात. फ्लॅटचा मंजूर भार तीन ते पाच किलोवॉट असेल तर आधी भार वाढवण्याचा अर्ज करा. मीटरपासून पार्किंगपर्यंत 6 चौरस मिमीची तांब्याची वायर, अंतर 25 मीटरच्या पुढे असेल तर 10 ची, 40 अँपिअरचा एमसीबी आणि 30 मिलीअँपिअरचं गळती-संरक्षण, एवढं किमान.

सगळ्यात जास्त कामं अडतात ती अर्थिंगपाशी. न्यूट्रल आणि अर्थमध्ये चार-पाच व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर चार्जर लाल दिवा लावून बसतो, आणि लोक गाडीत बिघाड समजून सर्व्हिस सेंटरला जातात. जुन्या इमारतीत वेगळा अर्थिंगचा खड्डा घेतलेला बरा. 15 अँपिअरच्या साध्या प्लास्टिक सॉकेटवर रोज तासन्‌तास भार टाकला की सॉकेट आतून वितळतं. औद्योगिक प्रकारचं 16 अँपिअरचं सॉकेट आणि 4 चौरस मिमीची वायर घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

सोसायटीकडून परवानगी घेताना तोंडी बोलू नका. अर्जासोबत वायर जाण्याचा मार्ग, परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं नाव आणि खर्च तुमचा असल्याचं लिहून द्या. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागण्याची सोय झाली, त्याचा उल्लेख करा. पार्किंग तुमच्या नावावर असेल तर काम होतं. चिठ्ठ्या टाकून दरवर्षी पार्किंग बदलणारी सोसायटी असेल, तर गाडी बुक करण्याआधी तो ठराव बदलून घ्या.

घेतल्यावर

इंजिनचं तेल, क्लच, इंजिनचे फिल्टर नाहीत, सर्व्हिसिंग स्वस्त. टायर मात्र लवकर झिजतात, कारण गाडी जड आणि पहिल्या इंचापासूनची ओढ जास्त. मोठी बॅटरी ठणठणीत असताना बोनेटखालची 12 व्होल्टची छोटी बॅटरी बसते आणि गाडी उघडतही नाही, हा नेहमीचा प्रकार. तिसऱ्या वर्षानंतर ती तपासत राहा. अनेक मॉडेलमध्ये स्टेपनी नसते, पंक्चर किटवर भागवावं लागतं. टायरची बाजू फाटली तर किट काही कामाचं नाही.

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असेल तर आठवड्यातून एकदा 100 पर्यंत भरा, नाहीतर टक्केवारीचा अंदाज चुकायला लागतो आणि 15 वरून एकदम 6 दिसतं. पण पूर्ण भरून विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात आठवडाभर उभी ठेवू नका. वॉरंटी सहसा आठ वर्षं किंवा 1.6 लाख किमी असते. ती दुसऱ्या मालकाला पूर्ण मिळते की कमी, हे लेखी विचारा. विकताना किंमत त्यावरच ठरेल.

टेस्ट ड्राइव्हला आजी-आजोबांना मागच्या सीटवर बसवा. बॅटरी तळाशी असल्यामुळे पायाखालचा पत्रा वर येतो, गुडघे उंच राहतात आणि मांडीला आधार कमी पडतो. वीस मिनिटांच्या फेरीत तरुणाला ते कळत नाही. डिकीही उघडून बघा: पेट्रोल नेक्सॉनची 382 लिटर, इलेक्ट्रिकची 350, सीएनजीची 321. लग्नसराईत दोन मोठ्या बॅगा आणि एक व्हीलचेअर कुठे बसते हे लिटरमध्ये समजत नाही, त्या बॅगाच सोबत न्या.