बाँडवरचा गुंठा : गाव सोडून सोलापुरात घर करणाऱ्यांनी हे आधी वाचावं

पाडवा झाला की जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत सोलापूरच्या कडेला प्लॉटिंगवाल्यांचा हंगाम असतो. अक्कलकोटच्या दक्षिणेकडची, मंगळवेढा-सांगोल्याच्या कोरडवाहू पट्ट्यातली, तुळजापूर-लोहाऱ्याकडची कुटुंबं याच दिवसांत शहरात यायचं ठरवतात. पोरांचं कॉलेज असतं, यंत्रमागावर किंवा एमआयडीसीत काम मिळालेलं असतं, घरात कुणाचा तरी दवाखाना चालू असतो. गावचं रान विकून आलेली रक्कम हातात असते आणि पावसाच्या आत डोक्यावर छप्पर हवं असतं. फसवणारा या घाईचाच फायदा घेतो.

तो अनोळखी नसतो. बहुतेक वेळा गावाकडचाच, पाहुण्यातला किंवा त्याच पट्ट्यातून पाच-सात वर्षांपूर्वी शहरात आलेला असतो. समोरचा कन्नड बोलणारा असेल तर कन्नडमध्ये बोलतो. "मामा, घरचंच समजा, तुमच्याकडनं जादा थोडंच घेणार?" असं म्हणत रविवारी गाडीत घालून अक्कलकोट रोड, होटगी रोड, तुळजापूर रोड किंवा मंगळवेढा रोडला नेतो. शेतात फक्कीच्या रेघा मारलेल्या असतात, कोपऱ्याला दगड रोवलेले असतात, मधून मुरूम टाकलेला रस्ता असतो. 33 बाय 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. विमानतळ जवळ आहे, सूरत-चेन्नई महामार्ग येतोय, भाव दुप्पट होणार, हेही सांगून होतं. दर आजूबाजूच्या मंजूर लेआउटपेक्षा बराच कमी असतो. तो कमी का, हे तिथेच विचारायला हवं.

समजा सौदा चार लाखांना ठरला. इसार 51 हजार त्याच दिवशी घेतात, बाकी आठ-दहा दिवसांत रोख. त्या बदल्यात एक जाड फाइल मिळते. तीत नोटरी केलेला बाँड (म्हणजे स्टॅम्प पेपरवरचा करार), ताबा पावती, मूळ मालकाचं कुलमुखत्यारपत्र (म्हणजे त्याच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार), सातबाऱ्याची झेरॉक्स, खासगी इंजिनिअरने काढलेला प्लॉटचा नकाशा आणि शेजारच्या घराचं लाइट बिल असतं. यातला एकही कागद बनावट नसला, तरी घर आपलं होत नाही. खोट्या कागदापेक्षा खऱ्या पण बिनकामाच्या कागदांनीच लोक जास्त फसतात, आणि पोलिसांत गेल्यावर "कागद तर खरे आहेत, दिवाणी दावा करा" हे उत्तर मिळण्याचं कारणही बऱ्याचदा हेच असतं.

आता एकेक कागद बघू. नोटरी फक्त एवढंच सांगतो, की या माणसाने माझ्यासमोर सही केली. जमीन कुणाची, हे तो तपासत नाही. नोंदणी कायदा 1908 प्रमाणे 100 रुपयांवरच्या स्थावराची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदलीच पाहिजे. पूर्वी हे बाँड 100 रुपयांच्या स्टॅम्पवर होत, ऑक्टोबर 2024 पासून 500 च्या स्टॅम्पवर होतात. स्टॅम्प महाग झाला म्हणून त्याचं वजन वाढत नाही. कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलं आहे. शिवाय ज्याने ते दिलं तो वारला की साधारणपणे तेही संपतं, आणि मग वारस म्हणतात, "आम्ही काही विकलं नाही." साठेखत नोंदवलेलं असलं तरी तो पुढे विकण्याचा करार आहे, खरेदी नव्हे.

लाइट बिल आणि कर पावती यांच्यावर तर लोकांचा फार विश्वास. मीटर राहणाऱ्याला मिळतो, मालकालाच मिळतो असं नाही. महापालिका अनधिकृत घरालाही कर लावते आणि तो भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. हद्दीबाहेरच्या गावात आणखी एक घोळ मुद्दाम केला जातो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा, आणि तलाठ्याकडचा 8-अ हा जमिनीच्या खात्याचा उतारा. एजंट पहिला देतो आणि "आठ अ आहे की" म्हणतो. वरचं शीर्षक वाचा. ग्रामपंचायतीचं नाव असेल तर तो कराचा कागद आहे.

सातबारा स्वतः काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत निघतो, गाव आणि गट क्रमांक एवढाच लागतो. एजंटची झेरॉक्स वर्षभर जुनी असते आणि त्या वर्षातच सगळं बदललेलं असतं. उताऱ्यावर आधी "प्रलंबित फेरफार" ही ओळ बघा. तिथे "नाही" नसेल तर कुणाची तरी नोंद अर्धवट आहे, थांबा. मग भूधारणा, म्हणजे जमीन कुठल्या अटीवर धारण केली आहे ते. वर्ग 1 असेल तर ठीक. वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय विक्री चालत नाही. सोलापूर जिल्ह्यात वतनाची, देवस्थान इनामाची आणि पुनर्वसनात मिळालेली जमीन बरीच आहे, त्यामुळे ही ओळ सोडून पुढे जाऊ नका. इतर हक्क या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, कूळकायदा कलम 43 चं विक्रीवरचं बंधन, न्यायालयाची मनाई हे सगळं लिहिलेलं असतं.

नावं मोजा. सामायिक खात्यात सात नावं असतील आणि सह्या तीन भावांच्या असतील तर उरलेल्या चौघी बहुधा बहिणी असतात. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. हक्कसोडपत्र नोंदवलेलं नसेल तर लग्न होऊन गेलेली बहीण उद्या दावा लावू शकते, आणि तिचं काही चुकत नाही. मूळ मालक भावांनी बहिणींना न विचारता एजंटला रान दिलं आणि त्याचा फटका प्लॉट घेणाऱ्यांना बसला, असं पुन्हा पुन्हा होतं.

खाली गाव नमुना 12 वर ज्वारी, तूर अशी पिकं लागलेली दिसली, तर ते अजून शेत आहे. बिनशेती झालेल्या उताऱ्यावर, हे क्षेत्र अकृषक झाल्याने नमुना 12 ची आवश्यकता नाही, अशी सूचना छापलेली असते. एजंट तोंडाने "एनए आहे" म्हणत असेल तर ही सूचना त्याला दाखवायला सांगा.

पण बिनशेती हाही अर्धाच प्रश्न आहे. खरा कागद म्हणजे मंजूर रेखांकन, ज्याला आपण लेआउट म्हणतो. महापालिका हद्दीत ते नगररचना विभाग मंजूर करतो. त्यावर आदेशाचा क्रमांक, तारीख, शिक्का असतो. त्याच विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा मिळतो. गटात शाळेचं आरक्षण आहे का, विकास आराखड्यातला रस्ता जातोय का, पूररेषा येते का, हे त्यातच कळतं. ओढ्याकाठची स्वस्त जागा घेणाऱ्यांनी हा नकाशा बघितल्याशिवाय इसारही देऊ नये.

लेआउट खोटा आहे हे जागेवर उभं राहूनही ओळखता येतं. एकर म्हणजे 40 गुंठे. मंजूर लेआउटमध्ये 4000 चौरस मीटर आणि त्यापुढच्या जमिनीवर 10 टक्के खुली जागा सोडावी लागते, आतले रस्ते साधारण 9 मीटरचे, म्हणजे 30 फुटांच्या घरातले असतात. हे सगळं वजा केल्यावर एकरात गुंठ्याचे 30-32 प्लॉट उरूच शकत नाहीत. फक्की मारलेल्या रानात रस्ता 15 फुटी असेल, बाग किंवा मोकळी जागा कुठेच नसेल आणि एकरात तीसच्या वर दगड असतील, तर हिशेब तिथेच झाला. अशा ठिकाणी पुढे गटार, नळ, अग्निशमनाची गाडी यांतलं काहीच नीट येत नाही. पाण्याचा टँकरसुद्धा वळत नाही, आणि सोलापुरात पाण्याची ओढ काय असते ते इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. त्यात काळी माती असेल तर पाया खोल न्यावा लागतो, प्लॉटमध्ये वाचलेले पैसे तिथेच जातात.

प्रकल्पात आठपेक्षा जास्त प्लॉट असतील आणि जमीन 500 चौरस मीटरपेक्षा मोठी असेल, तर रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाच्या कायद्याखाली नोंदणी लागते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव टाकून ती तपासता येते. नोंदवलेल्या कराराशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला तिथे मनाई आहे.

बाँडचं बिंग फुटायला लागल्यापासून एक नवा प्रकार आला आहे. एजंट म्हणतो, "आपण रजिस्टर करून देतो, सातबाऱ्याला नाव लागतं." आणि तसं होतंही. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यावर बंधन घालणाऱ्या तुकडेबंदी कायद्याप्रमाणे ऑगस्ट 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत किमान क्षेत्र जिरायत 20 गुंठे, बागायत 10 गुंठे आहे. म्हणून दहा-वीस अनोळखी कुटुंबं गोळा करून एकच सामायिक खरेदीखत करतात. प्रत्येकाचं नाव उताऱ्यावर येतं, पण कुणाची जागा कुठून कुठपर्यंत हे कुठेच नसतं. एकाला विकायचं झालं तर बाकीच्यांच्या संमतीशिवाय गाडी हलत नाही, गृहकर्जाला बँक नाही म्हणते, आणि एका हिस्सेदारावर जप्ती आली की उताऱ्यावर बोजा सगळ्यांना दिसतो. हे बाँडपेक्षा बरं आहे, पण घराचा प्लॉट म्हणून घेण्यासारखं नाही.

"गुंठेवारी नियमित होणार आहे" हे वाक्यही ऐकायला मिळेल. गुंठेवारी म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडलेले प्लॉट. ते नियमित करण्याचा कायदा 2001 चा, 2021 च्या दुरुस्तीने त्याचा लाभ 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला मिळाला. तुकड्यांचे जुने व्यवहार नियमित करण्याचा निर्णयही 2025 मध्ये झाला. दोन्ही सवलती ठरलेल्या तारखेआधीच्या व्यवहारांसाठी आहेत. आज घेतलेल्या गुंठ्याला त्या लागू होत नाहीत, म्हणूनच एजंट जुन्या स्टॅम्पवर मागची तारीख टाकायला तयार होतो. त्यावर सही केली की फसलेला माणूसच खोट्या दस्ताचा भागीदार होतो.

नोंदलेले व्यवहार नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गटाप्रमाणे बघता येतात, सूची क्रमांक 2 ची, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची प्रत काढता येते. गटातून आजवर किती क्षेत्र विकलं गेलं त्याची बेरीज करून एकूण क्षेत्राशी ताडून बघा. मात्र आधी बाँडवर विकलेले प्लॉट या शोधात येत नाहीत. एकच प्लॉट तिघांना विकला जातो तो इथेच. त्यावर दोन उपाय आहेत. एजंटशिवाय, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, एकटे जाऊन आजूबाजूच्या घरांत विचारा. आणि वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घेताना स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावा. वकील एजंटने सुचवलेला नको. यात काही हजार खर्च होतात, पण चार लाखांच्या व्यवहारात ते वाचवण्यासारखे नाहीत.

पैसे बँकेतूनच द्या, आणि ज्याचं नाव उताऱ्यावर आहे त्याच्याच खात्यात. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, त्यामुळे "रोखच पाहिजे" म्हणणाऱ्याला हा नियम सांगितला की बरंच काही कळतं. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सहा टक्क्यांच्या आसपास आणि नोंदणी शुल्क 1 टक्का, कमाल 30 हजार, हे बजेटमध्ये आधीच धरा. "रजिस्ट्रीचा खर्च वाचवू" ही सूचना ज्याच्याकडून आली त्याच्याशी व्यवहार करू नये. आणि दस्त नोंदला म्हणजे मालकी तपासली गेली असंही समजू नका. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही.

एक कळकळीची विनंती. पहिलं वर्ष भाड्याने राहा. कुठल्या भागात पाणी किती दिवसांनी येतं, कामाच्या ठिकाणी जायला किती वेळ लागतो, पावसाळ्यात रस्ता राहतो का, हे एका वर्षात कळतं. गावची सगळी जमीनही एकदम विकू नका. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून उतारा लागतो, पुढे कुठेही शेतजमीन घ्यायची झाली तर तोच विचारतात. भाड्याच्या घरात मात्र लाख-दोन लाख हेवी डिपॉझिट देण्याआधी घर खरोखर त्याच माणसाचं आहे का, हे वरच्याच पद्धतीने बघा.

पैसे देऊन झाले असतील तर गप्प बसू नका आणि "अजून थोडे द्या, लगेच रजिस्टर करतो" याला बळी पडू नका. बाँड, पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, बँकेच्या नोंदी यांच्या दोन प्रती काढा. मूळ कागद एजंटकडे "दुरुस्तीला" देऊ नका. त्याच प्लॉटिंगमधल्या इतर घेणाऱ्यांना शोधा. एकट्याची तक्रार दिवाणी वाद ठरवली जाते, तोच प्लॉट दोघांना विकल्याचे दोन बाँड एकत्र ठेवले की फसवणुकीचा हेतू दिसतो. 1 जुलै 2024 पासूनच्या व्यवहाराला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं, त्याआधीच्याला जुनं 420. रक्कम मोठी, माणसं जास्त असतील तर आर्थिक गुन्हे शाखेकडे अर्ज करा. वकिलाची फी परवडत नसेल तर न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता तिथे मोफत वकील मिळतो, म्हणून खरेदी घरातल्या बाईच्या नावे असेल तर अर्ज तिनेच करावा. करार पूर्ण करून मागण्याच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे. करारात खरेदीची तारीख ठरली असेल तर ती त्या तारखेपासून मोजतात, नसेल तर नकार कळल्यापासून. एजंट "पुढच्या महिन्यात" म्हणत ही तीन वर्षंच काढत असतो, तेव्हा त्याच्या पहिल्याच टाळाटाळीनंतर नोंदणीकृत स्पीड पोस्टाने पोच पावतीसह नोटीस पाठवा.