दवाखान्याविरुद्ध केससाठी विश्रामबागच्या वकील मॅडम, सांगली

दाजी ऑपरेशननंतर गेले, आणि दवाखान्यात फाईल मागितली की नुसतं आज या उद्या या, शेवटी ताईला घेऊन या मॅडमकडं गेलो. त्यांनी लगेच लेखी अर्ज करून पोच घ्यायला लावली, म्हणाल्या मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायलाच लागतात. पेशंट गेला म्हणजे डॉक्टरची चूकच असं ग्राहक आयोग (जिथं अशी केस चालते) धरत नाही हे तोंडावर सांगितलं बघा, आधी दुसऱ्या सर्जनचं लेखी मत घेतलं मगच केस हातात घेतली. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार टाकावी लागते, बिल ५ लाखांच्या आत असल्यानं आयोगाची फी शून्य. मॅडमची फी मात्र कमी नाय, आणि फोन तर उचलतच नाहीत, व्हॉट्सअ‍ॅप करा.