समेवरून की समेनंतर? कर्नाटक संगीतातली गाण्याची उचल

कर्नाटक संगीतात ओळ तालाच्या आवर्तनात जिथे उचलली जाते, त्या जागेला एडुप्पु म्हणतात. आदि ताल ८ अक्षरांचा (म्हणजे मात्रांचा), ४+२+२. त्यातली बहुतेक वर्णं (शब्द आणि स्वर दोन्ही असलेल्या बांधीव रचना) समेवरच सुरू होतात: पहिली टाळी आणि पहिला स्वर एकत्र. नव्याने शिकणाऱ्याला हेच सोयीचं, कारण कल्पनास्वर (आयत्या वेळी रचलेल्या स्वरांच्या ओळी) गाताना परतायची जागा हातावर स्पष्ट कळते.

अनागत एडुप्पुत आधी ताल सुरू होतो, मग गाणं. संगीतकार त्यागराजांच्या कितीतरी कृती, म्हणजे गीतरचना, समेनंतर दीड अक्षराने उचलतात, आणि मला तरी हाच प्रकार जास्त आवडतो. पहिला शब्द दोन अक्षरांच्या मधोमध पडतो, त्यामुळे ओळीला सुरुवातीपासूनच एक ओढ असते. गायकाचे स्वर समेवर न थांबता त्या दीड अक्षराशी येऊन मिळतात. मृदंगाचं कोर्वैही (समारोपाची बांधीव लयरचना) अनेकदा तिथेच संपतं. तिहाई (तीनदा वाजणारा तुकडा) समेवर आली की दाद द्यायची आपली हिंदुस्थानी सवय, म्हणून आपला अंदाज इथे हमखास चुकतो. हातावर ताल धरून ऐकलं, तर दोन-तीन आवर्तनांत जागा सापडते.

(समेआधीची, म्हणजे अतीत उचल त्या मानाने कमी ऐकू येते.)