पिंग चालू, रेप्लिकेशन बंद: एडीसाठी झॅबिक्स वापरल्यानंतर

एडी, म्हणजे मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, कंपनीतली खाती आणि पासवर्ड जपते. ती ज्या सर्व्हरवर चालते तो डोमेन कंट्रोलर, म्हणजे डीसी. डीसी पिंगला (‘आहेस का’ या नेटवर्कवरच्या हाकेला) उत्तर देतो म्हणजे तो धडधाकट आहे, असं मानणारं मॉनिटरिंग माझ्या मते निरुपयोगी आहे. हे मत २०२३ च्या दिवाळीनंतर पक्कं झालं. झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरकडे मी वळले ती त्यामुळेच, म्हणून आधी तेच सांगते.

आमचं मुख्य ऑफिस आणि एक युनिट भोसरीला, दुसरा प्लांट कुपवाड एमआयडीसीत. भोसरीत दोन डीसी, कुपवाडला एक, मधे व्हीपीएन. दिवाळीच्या सुट्टीत कंत्राटदाराने कुपवाडचा फायरवॉल बदलला. ५३, ८८, १३५, ३८९ आणि ४४५ हे पोर्ट उघडले आणि काम झालं म्हणून सही घेऊन गेला. एडीचं रेप्लिकेशन, म्हणजे एका डीसीवरचे बदल दुसऱ्यावर पोचवणं, १३५ वर फक्त पत्ता विचारतं. खरी देवाणघेवाण ४९१५२ ते ६५५३५ यांपैकी कुठल्याही पोर्टवर होते, आणि ही सगळी रेंज बंद होती.

आमच्याकडे तेव्हा पैसे भरून घेतलेलं एक मॉनिटरिंग सॉफ्टवेअर होतं. त्याच्यावर कुपवाडचा डीसी पूर्ण हिरवा. पिंग चालू, सीपीयू निवांत, डिस्क मोकळी, एनटीडीएस (एडीची मूळ सर्व्हिस) आणि डीएनएस सर्व्हिस चालू. कित्येक आठवडे असंच. मग कुपवाडला नवीन ट्रेनी आला आणि त्याचं लॉगिनच होईना. भोसरीत खातं दिसतंय, तिथे नाही. रेपअ‍ॅडमिन ही रेप्लिकेशन तपासायची कमांड चालवली तर एरर १७२२, आरपीसी सर्व्हर उपलब्ध नाही, म्हणजे पलीकडच्या डीसीशी बोलणंच होत नव्हतं. त्याहून वाईट गोष्ट नंतर कळली. मधल्या काळात नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाचं खातं एचआरच्या मेलवरून आम्ही त्याच दिवशी भोसरीत बंद केलं होतं. कुपवाडच्या डीसीवर ते अजून चालू होतं. त्याने ते वापरलं नाही हे लॉगमधून तपासलं, पण वापरू शकला असता, आणि ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

हे ६० दिवसांच्या आत सापडलं म्हणून निभावलं. त्यापुढे गेलं असतं तर कुपवाडच्या सिसव्हॉलची (पॉलिसी आणि स्क्रिप्टच्या फोल्डरची) नक्कल करणारं डीएफएसआर ४०१२ ही नोंद टाकून थांबलं असतं, आणि १८० दिवस उलटले असते तर टूमस्टोनची (डिलीट झालेल्या गोष्टींची खूण जपण्याची) मुदत संपून तो डीसी काढून नव्याने उभा करावा लागला असता. फायरवॉलवर हजारो पोर्ट उघडायला मी नकार दिला. एनटीडीएस आणि नेटलॉगॉन (लॉगिनची सर्व्हिस) यांना रजिस्ट्रीतून एकेक ठरावीक पोर्ट दिला, डीएफएसआरला त्याच्या कमांडने, आणि तेवढेच उघडले. डीसी रीस्टार्ट करावे लागतात, त्यामुळे रविवारी करा.

त्याच सुमारास जुन्या सॉफ्टवेअरच्या रिन्युअलचं कोटेशन आलं, आधीच्या वर्षापेक्षा बरंच चढं. ज्या गोष्टीने आमचा घात केला ती त्यात तपासता येते का, असं व्हेंडरला विचारलं. वरचा मॉड्यूल घ्या, म्हणाला. मी रिन्युअल थांबवायला सांगितलं. पर्चेसवाले खूश झाले, पण माझ्या डोक्याला काम लागलं.

पर्याय फार नव्हते. मायक्रोसॉफ्टच्या एससीओएममध्ये एडीची तपासणी सखोल आहे, पण आमच्या आकाराच्या कंपनीला तो परवाना आणि ते व्यवस्थापन परवडणारं नाही. पीआरटीजी थेट विंडोजवर बसतं, चटकन चालू होतं आणि १०० सेन्सरपर्यंत फुकट असतं. फक्त मोजायची प्रत्येक गोष्ट हा एक सेन्सर. मूठभर सर्व्हर, काही स्विच, यूपीएस आणि दोन फायरवॉल धरले की १०० कुठे संपतात कळत नाही. एकाच जागेवर दहाएक मशीन असतील तर तुम्ही खुशाल तेच घ्या. नागिऑस कोअर १९९९ पासूनचं आहे, विश्वासू आहे, पण सगळं कॉन्फिगरेशन टेक्स्ट फाइलमध्ये. मी रजेवर गेले की ते सांभाळणारं आमच्याकडे कोणी नाही.

उरलं झॅबिक्स. अ‍ॅलेक्सेई व्लादिशेव्ह यांनी ते लॅटव्हियात सुरू केलं, २००१ मध्ये खुलं केलं. फुकट आणि पैशांची अशा दोन आवृत्त्या नाहीत. आहे ते सगळं सगळ्यांना मिळतं, पैसे फक्त सपोर्टचे. ‘हे फीचर वरच्या प्लॅनमध्ये’ हे वाक्य ऐकावं लागत नाही, एवढ्यासाठीसुद्धा मी ते निवडलं असतं.

उबुंटूची एक व्हीएम, ४ जीबी रॅम, पोस्टग्रेस डेटाबेस. विंडोजवर एजंट (त्या मशीनचे आकडे देणारा छोटा प्रोग्राम) टाकणं सोपं आहे. एमएसआय फाइल ग्रुप पॉलिसीतून ढकलली, पोर्ट १००५० उघडला, झालं. पहिल्या आठवड्यात मात्र फोन वाजायचा थांबत नव्हता. विंडोजच्या तयार टेम्प्लेटमध्ये (तपासण्यांच्या संचात) ‘ऑटोमॅटिक’ असलेली सर्व्हिस थांबली की अलर्ट येतो, आणि काम आटोपून आपणहून थांबणाऱ्या सर्व्हिस विंडोजमध्ये पुष्कळ आहेत. टेम्प्लेटच्या मॅक्रोमध्ये त्यांची नावं वगळण्याची सोय आहे. ती यादी नीट भरेपर्यंत अलर्ट जातात त्या टेलिग्रामवर कोणालाच जोडू नका, नाहीतर लोक अलर्ट बघणंच सोडून देतात.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. मुद्दा ३ सेकंदांचा आहे.

मी झॅबिक्सच्या ६.० आवृत्तीपासून सुरुवात केली. त्यात एजंट एखाद्या तपासणीला डीफॉल्टने ३ सेकंद देतो. कॉन्फिगमध्ये वाढवून वाढवून ३० करता येतात, त्यापुढे नाही. डिस्कची जागा विचारायला ३ सेकंद रग्गड झाले. पण रेपअ‍ॅडमिनची रेपलसमरी (रेप्लिकेशनचा गोषवारा) सगळ्या डीसींना विचारत फिरते. डीसीची तब्येत तपासणारं डीसीडायग तर त्याहून निवांत. सगळं सुरळीत असतं तेव्हा उत्तर बऱ्यापैकी लवकर येतं. एखादा डीसी आवाक्याबाहेर असला की कमांड त्याची वाट बघत बसते. म्हणजे बिघाड असतो नेमकी तेव्हाच तपासणी वेळेत संपत नाही. मग झॅबिक्स तो आयटम (ती तपासणी) ‘नॉट सपोर्टेड’ करतं आणि त्याच्यावरचा ट्रिगर (अलर्टची अट) ‘अननोन’मध्ये जातो. तो लाल होत नाही, मेसेज येत नाही. ज्या आजारासाठी मी हे साधन आणलं, तोच आजार गप्प राहू शकतो! मी कुपवाडची व्हीपीएन मुद्दाम पाडून हे तपासलं आणि मग त्या रात्री बराच वेळ फक्त याच एका गोष्टीवर घालवला.

डीफॉल्ट छोटं का ठेवलं असेल, हे मला कळतं. शेकडो मशीनना विचारणारे पोलर असतात, त्यांतला प्रत्येक एकाच आडमुठ्या सर्व्हरपाशी अर्धा मिनिट अडकला तर सगळी रांग तुंबते. म्हणून सरसकट ३० करणं हा उपाय नव्हे. आणि पॅसिव्ह तपासणीत (सर्व्हर विचारतो, एजंट उत्तर देतो) सर्व्हरच्या बाजूचा टाइमआउटही सोबत वाढवावा लागतो, तो विसरलात तर एजंटचा वाढवून उपयोग नाही.

मी उलटा रस्ता घेतला. प्रत्येक डीसीवर टास्क शेड्यूलरमधून दर १५ मिनिटांनी एक पॉवरशेल स्क्रिप्ट चालते. ती रेपलसमरीच्या वाटेला जात नाही. ती रेपअ‍ॅडमिनचीच शोरेपल सीएसव्ही स्वरूपात वाचते. शोरेपल त्या डीसीकडेच असलेली नोंद सांगते, दुसऱ्या कोणाची वाट बघत नाही, त्यामुळे पलीकडचा डीसी मेलेला असला तरी उत्तर येतंच. कोणाकडून शेवटचं यशस्वी रेप्लिकेशन कधी झालं आणि लागोपाठ किती वेळा फसलं, हे आकडे स्क्रिप्ट झॅबिक्स सेंडरने ट्रॅपर (बाहेरून आलेले आकडे घेणाऱ्या) आयटममध्ये पाठवते. शिवाय तासाभरात आकडाच आला नाही तर नोडेटाचा वेगळा ट्रिगर. तो विसरू नका. स्क्रिप्ट मेली तर तिची बातमी दुसरं कोणी देणार नाही.

इथपर्यंतचा अनुभव मी लिहिला असता तर पाचपैकी तीन दिले असते. पण जून २०२४ मध्ये ७.० आलं, आणि त्यात प्रत्येक आयटमला स्वतःचा टाइमआउट देता येतो, थेट वेब स्क्रीनवरून, ६०० सेकंदांपर्यंत. हे वाचल्यावर मी चाचणीची व्हीएम त्याच संध्याकाळी उभी केली. झॅबिक्सचा सर्व्हर ७.० वर नेला, डीसींवरचे एजंटही ७.० चे केले, डीसीडायगला १२० सेकंद दिले आणि बाकी सगळं ३ वर तसंच सोडलं. व्हीपीएन पुन्हा पाडली. अलर्ट आला! माझं मत त्या दिवशी बदललं. ज्यांनी जुन्या आवृत्तीत वैतागून झॅबिक्स सोडलं असेल, त्यांनी एवढ्या एका गोष्टीसाठी पुन्हा बघावं. शेड्यूलरची स्क्रिप्ट मी तरीही काढलेली नाही, कारण पलीकडच्याची वाट न बघता बोलणारी तपासणी हाताशी असलेली मला हवी.

अनपेक्षित फायदा झाला तो खातं लॉक होण्याच्या तक्रारींत. ‘मॅडम, माझं अकाउंट परत लॉक झालं’ हा फोन प्रत्येक एडी सांभाळणाऱ्याच्या नशिबात असतो. खातं लॉक झालं की सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० ही नोंद पडते, पीडीसी एम्युलेटरवरही (पासवर्ड आणि वेळेची खास जबाबदारी असलेल्या डीसीवर) पडते, आणि कुठल्या मशीनवरून चुकीचा पासवर्ड येतोय त्याचं नाव तिच्यात असतं. झॅबिक्सचा एजंट ती नोंद उचलून टेलिग्रामवर टाकतो. इव्हेंट लॉगची तपासणी फक्त अ‍ॅक्टिव्ह एजंटमध्ये, म्हणजे एजंट स्वतःहून आकडे पाठवतो तेव्हाच, चालते, हे लक्षात ठेवा. आता युझरचा फोन येतो तेव्हा मला मशीनचं नाव आधीच माहीत असतं. बहुतेक वेळा पासवर्ड बदलल्यावर कोणीतरी शॉप फ्लोअरच्या पीसीवर जुनं सेशन तसंच सोडलेलं असतं, किंवा जुन्या पासवर्डने जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह. पूर्वी हे शोधण्यात अर्धा दिवस जायचा. एवढ्या एका कामासाठी मी हे साधन कोणालाही सुचवेन.

काही गोष्टी मात्र गंभीरपणे घ्या. विंडोजवर एजंट डीफॉल्टने लोकल सिस्टिम म्हणून चालतो. डीसीवर लोकल सिस्टिम म्हणजे डोमेनच्या सगळ्या चाव्या. सिस्टिम डॉट रन हा मशीनवर कमांड चालवणारा आयटम डीफॉल्टने बंद असतो, तो बंदच ठेवा. कितीही सोयीचं वाटलं तरी उघडू नका, नाहीतर झॅबिक्सची स्क्रीन ज्याच्या हाती लागली त्याच्या हाती डोमेन लागलं. स्क्रिप्टच्या फोल्डरवर आणि कॉन्फिग फाइलवर लिहायचा अधिकार फक्त डोमेन अ‍ॅडमिनना. झॅबिक्सच्या व्हीएमला मी डीसीइतकीच संवेदनशील मानते, तिचा बॅकअप आणि लॉगिन त्याच काटेकोरपणे जपते.

दुसरं, झॅबिक्सला लॉगिन एडीतून देता येतं आणि ते छान चालतं, पण एक स्थानिक अ‍ॅडमिन खातं सीलबंद पाकिटात ठेवाच. एडी आडवं झालं त्या सकाळी एडीच्या पासवर्डने झॅबिक्स उघडणार नाही. त्याच कारणाने सगळे होस्ट मी आयपीने नोंदवलेत, कारण आमचं डीएनएस डीसींवरच आहे. मेलवर विसंबू नका, टेलिग्राम वेगळ्या इंटरनेट लाइनवरून जातो असं बघा.

वेळेचा ट्रिगरही हवाच. केर्बेरॉस (एडीची लॉगिनची पद्धत) घड्याळांतला ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतं, त्यापुढे लॉगिन नाकारतं. डीसी व्हीएम असेल तर ती वेळ होस्टकडून घेतेय की पीडीसी एम्युलेटरकडून, हे एकदा स्वतः बघा. मी १ मिनिटाच्या फरकालाच अलर्ट लावलाय, म्हणजे दुरुस्तीला वेळ उरतो.

खर्चाचं बोलायचं तर परवान्याला शून्य रुपये गेले. व्हीएम आधीच्याच होस्टवर बसली. माझा वेळ भरपूर गेला आणि तो कोणी हिशेबात धरत नाही, हे खरं. मी मात्र धरते, आणि धरूनही जुन्या रिन्युअलपेक्षा हे स्वस्त पडलं. ट्रिगरची भाषा शिकायला चिकाटी लागते, डॅशबोर्ड साहेबांना दाखवण्याइतके देखणे करायचे तर हातानेच खपावं लागतं. मला त्याची फिकीर नाही.

अलर्टच्या सध्याच्या मर्यादा विचारणाऱ्यांसाठी: दोन साइटमधला रेप्लिकेशनचा काळ डीफॉल्टने १८० मिनिटं असतो, आम्ही तो १५ वर आणलाय. शेवटचं यशस्वी रेप्लिकेशन तासाहून जुनं झालं की मला मेसेज, ४ तासांहून जुनं झालं की साहेबांनाही, आणि २४ तास उलटले की एचआरला, कारण तोवर त्यांनी कळवलेलं कुठलंही बंद खातं कुपवाडला चालू असू शकतं. एचआरचं नाव त्या यादीत घालायला बरीच चर्चा झाली. मी हटले नाही. डीसी सर्व्हर २०१६ वर आहेत, त्यांचा सपोर्ट जानेवारी २०२७ मध्ये संपतो. नवीन डीसी जोडताना पहिल्या दिवसापासून हीच स्क्रिप्ट त्यावर असेल.